तात्यांची पिवळी रेघ

इंजिनिअरिंग कॉलेजात नट-बोल्ट शिकवून पोट भरणाऱ्या माणसाच्या सायकलचं मागचं चाक घसरावं, ही काही मिरवून सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण बबनतात्यांची आणि माझी ओळख त्या घसरणाऱ्या चाकामुळेच झाली, तेव्हा ती लपवूनही चालणार नाही.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात मशीन डिझाइन शिकवतो. राहायला मात्र कुरुळीत, कारण बायकोची नोकरी चाकणच्या एका कंपनीत. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे नुसतं पाहिलं आणि मी गिअरची डोंगरी सायकल घेतली. दर रविवारी भंडारा डोंगराचा चढ चढायचा असा बेत होता. सपाटीवर सायकल गुणी बाळासारखी चालायची. चढ लागला, हलका गिअर टाकून पायात जोर दिला, की मागून 'कट्' असा आवाज यायचा, चाक तिरकं व्हायचं आणि टायर डाव्या बाजूला सांगाड्याला घासून सायकल जागच्या जागी थांबायची. उतरायचं, चाक सरळ करायचं, नट आवळायचा, की शंभर पावलांवर पुन्हा तेच. दोन दुकानं झाली. एकानं चेन बदलली. दुसऱ्यानं सगळीकडे सढळ हातानं तेल सोडलं आणि "आता लोण्यासारखी चालेल सर" म्हणाला. चाक खरोखरच लोण्यासारखं सरकायला लागलं.

शेवटी आमच्या इमारतीतल्या एका कामगारानं पत्ता दिला. "जुन्या गावठाणात जा सर. तात्या हायेत तिथं. फक्त तेल लावलंय म्हणून आधीच सांगू नका."

तात्यांचं दुकान म्हणजे घराला लागून असलेला जुना गोठा. गाई केव्हाच गेल्या होत्या. गव्हाणीत आता पाने, नट आणि जुन्या चेन ओळीनं मांडून ठेवलेल्या असत. घरचं रान कंपनीला गेलं तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती तात्यांना. ज्या जागी त्यांनी बाजरी काढली होती त्याच जागी पंचवीस वर्षं टेम्पोंची मागची चाकं बसवली, आणि निवृत्त झाल्यावर सायकली दुरुस्त करत गोठ्यात बसले. बुटका, रुंद मनगटांचा माणूस. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, खाली पायजमा आणि पायात कंपनीचेच लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. हे बूट ते लग्नकार्यालाही घालून जात. एकदा मांडवाबाहेरून चोरानं झाडून सगळ्या चपला नेल्या आणि तात्यांचे बूट तेवढे उचलून बघून परत ठेवले, असं काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून सांगायच्या.

मी सायकल उभी केली आणि म्हणालो, "मागचं चाक घसरतंय."

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घसरतंय म्हंजी नेमकं काय? जागंवरनं हालतंय, का पायडल मोकळं फिरतंय, का मातीत निसटतंय? तीन आजार हायेत. लोक नाव मातर एकच सांगत्यात."

मी जरा घसा साफ करून आस, भार, चेनचा ताण असं काहीतरी शास्त्रशुद्ध सांगायला लागलो. त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर हाय का तुमी?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले आणि चाक काढायला बसले.

चाकाची आस ज्या खाचेत बसते तिथं त्यांनी बोट फिरवलं. काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "ह्ये कुनी केलं?" मी पायाजवळचा एक नट उचलून न्याहाळू लागलो. "लोकांना वाटतंय तेल सोडलं म्हंजी सायकलीवर लई माया केली. आवं, जिथं फिरायचं तिथं तेल. जिथं धरायचं तिथं कोरडं पायजे." मग रॉकेलचा बोळा, त्यावर कोरडं फडकं आणि शेवटी करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं त्या खाचेतला रंगही खरवडून काढला. खालचं लोखंड चमकायला लागलं. दातेरी वॉशर कुणीतरी उलटा बसवला होता, त्याचे दात सांगाड्याला धरायचे सोडून नटाकडे तोंड करून बसले होते. तो त्यांनी पालटला. चाक बसवलं, दोन्ही बाजूंना बोट घालून अंतर सारखं केलं आणि पाना उचलला. उजवा नट थोडा, डावा थोडा, परत उजवा. या वेळात मी काहीतरी विचारलं तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. दोन्ही नट पुरते आवळून झाले, तसा खिशातून पिवळा मार्कर काढला आणि नटावरून खाली सांगाड्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली. मग मार्करचं टोपण लावून म्हणाले, "हां, बोला आता."

सायकल तशीच घेऊन जायची सोय नव्हती. गावच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक खडा चढ त्यांच्या घरामागे आहे, तिथं मालकानं सायकल चालवून दाखवायची आणि तात्यांनी बूट आपटत मागून पळत यायचं, असा नियम होता. मी चढलो. चाक जागचं हललं नाही. टाकीपाशी तात्या माझ्या आधी धापा टाकायचे थांबले, हेही सांगून टाकतो.

पुढं माझं जाणं वाढलं. सायकलीला काही झालेलं नसलं तरी मी रविवारी परतताना गोठ्यापाशी थांबायचो. तात्या काम करत, काकी चहा आणत, आणि मला फुकटात असं काही शिकायला मिळे जे मी दुसऱ्या दिवशी वर्गात आपलं म्हणून सांगत असे. त्या पिवळ्या रेघेचं प्रकरण मला पुस्तकातून माहीत होतं, पण कळलं ते तात्यांकडे. कंपनीत नट आवळला की त्याच्यावर रेघ ओढायची असते. पुढे कधी तो नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता समजतं. तात्यांच्या लेखी मात्र ती रेघ म्हणजे आवळणाऱ्याची सही होती. "ज्याचा पाना त्याची रेघ," ते म्हणत. दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर त्यांनी कधी रेघ ओढली नाही, आणि आपल्या नटावर दुसऱ्याला ओढू दिली नाही.

ह्या नियमापायी त्यांनी एक जिवाभावाचा मित्र गमावला होता. दत्तू नावाचा, शेजारच्या वाडीतला, त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला. एकदा तात्या पाच मिनिटं कंपनीतल्या जुळणीच्या लाइनवरून बाहेर गेले आणि त्यांच्या जागी दत्तू उभा राहिला. परत येऊन बघतात तर पुढच्या चार गाड्यांच्या चाकांवर रेघा आहेत, आणि पाना खुंटीला टांगलेला. वेळ वाचवायला दत्तूनं रेघा आधी ओढून ठेवल्या होत्या, नट मागाहून आवळणार होता. तेवढ्यात चहाचा भोंगा झाला, आणि कोणत्या गाडीचे आवळले नि कोणत्या गाडीचे राहिले हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

"मग मी दोरी वढली," तात्या म्हणाले. दोरी ओढली की सगळी लाइन थांबते, साहेब धावत येतात. त्या चार आणि आधी पुढं गेलेल्या धरून अठरा गाड्या परत उघडल्या. दोन गाड्यांचे नट हातानं फिरले. दत्तूला चौकशीला बोलावलं, दुसऱ्या विभागात पाठवलं. तो पुन्हा तात्यांशी बोलला नाही. कँटीनमध्ये पाठ करून बसायचा.

"त्या दोन गाड्यांत कोन बसनार व्हतं, मला म्हाईत न्हाई मास्तर. दत्तू मातर म्हाईत व्हता. बारशाला गेलो व्हतो त्याच्या पोराच्या." एवढं बोलून ते बराच वेळ एक साधं पंक्चर उगाच घासत बसले.

असं असलं तरी तात्या काही सदा गंभीर नसत. रविवारी सकाळी भडक कपडे घातलेली सायकलवाली मंडळी गावातून जात. त्यातले एक गृहस्थ एकदा अडकले. त्यांची सायकल उंची होती, चाकाला नट नव्हताच, एक मुठीत मावेल अशी दांडी होती. त्यांचंही चाक चढावर तिरकं होत होतं. ते ती दांडी नटासारखी गरागरा फिरवून आवळत होते. तात्यांनी अशी दांडी पहिल्यांदाच पाहिली. उकिडवे बसून त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"साहेब, दाराला कडी आसती का घरी?"

"आहे ना."

"ती फिरवता का दाबून बसवता?"

गृहस्थ हसायला लागले. तात्यांनी दुसऱ्या बाजूचं बोंड थोडं पिळलं आणि तळहातानं दांडी जोरात दाबून मिटली. मग तळहात उघडून दाखवला. मधोमध दांडीचा लाल वळ उमटला होता. "हातावर आसा वळ आला न्हाई तर कडी लागली न्हाई म्हनायचं." गृहस्थांच्या हातावर वळ येईपर्यंत त्यांनी ती सहा वेळा उघडायला आणि मिटायला लावली. शेवटी ते कळवळून म्हणाले, "आता सोडा हो तात्या," तेव्हा सुटका झाली.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. नंतर मला काही गोष्टी खटकायला लागल्या, पण मी त्या मनावर घेतल्या नाहीत. तात्यांनी एकाच सायकलवाल्याला ते तीन आजार लागोपाठ दोनदा विचारले. हातात पाना असताना गव्हाणीत पाना शोधला. एका रविवारी मी येऊन बसलो, तर काम न थांबवता ते म्हणाले, "दत्तू, चा घे." मी घेतला. त्यांची चूक दाखवावी असं मला वाटलं नाही, आणि आता वाटतं की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

मग एक दिवस भंडारा डोंगराच्या तिसऱ्या वळणावर मागून 'कट्' असा आवाज आला आणि मी सायकलीसकट आडवा झालो. गुडघा फुटला. चाक तिरकं होऊन सांगाड्याला टेकलं होतं. दोनच दिवसांपूर्वी टायर बदलून तात्यांनी ते बसवलं होतं; टाकीच्या चढावर चालवून दाखवायला लावणं ते हल्ली विसरूनच गेले होते. नटावर ताजी पिवळी रेघ होती, तिरकी, अखंड. मी नुसतं दोन बोटांनी धरलं आणि नट फिरला.

रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ बसून राहिलो. गुडघ्याचं काही वाटत नव्हतं. तात्यांनी न आवळता रेघ ओढली होती, हे मनाला पटत नव्हतं. आधी मी माझंच काहीतरी चुकलं असेल असं स्वतःला समजावून पाहिलं. पिशवीतून पाना काढून नट आवळला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तात्या दळण आणायला गिरणीत गेल्याची वेळ साधून मी गेलो. काकी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्या गुडघ्यावरची पट्टी बघून त्यांनी मेथी खाली ठेवली.

"तुमच्या चाकाला झालं व्हय?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. काकी मोजकं बोलणाऱ्या, पण त्या दिवशी सगळं बोलल्या. तात्या सकाळी दोनदा आंघोळ करत होते. जेवून उठले की जेवायला वाढ म्हणत. चिंचवडच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता. "वाढत जानार म्हनाला डागदर. कमी व्हायचं औषध न्हाई. ह्यांना म्या सांगितलंय, तुमचं बीपी वाढलंय."

"काकी, मग दुकान बंद करायला पाहिजे."

"आन् त्यांनी काय करायचं? सकाळी उठून ते बूट कशापायी घालायचे?" त्यांचा आवाज चढला. "हात चालतोय तंवर चालू द्या मास्तर. हात थांबला की मानूस गेला माझा."

"पण कुणी पडलं तर? मी डोंगरावर पडलो. एखादा रस्त्यावर टँकरखाली गेला तर?"

 काकी उठून आत गेल्या आणि पंधरा नंबरचा पाना घेऊन आल्या. "दाखवा कसं आवळायचं," म्हणाल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच मला थांबवलं. "राहू द्या. उजवा थोडा, डावा थोडा, परत उजवा. पंचवीस वर्सं जेवताना ह्येच ऐकतीया मी."

अशी आमची दोघांची चोरटी व्यवस्था सुरू झाली. तात्यांकडून सायकल घेऊन निघालेल्या माणसाला मोठ्या रस्त्याला लागायला घराच्या मागच्या बोळातून जावं लागे. बोळात मागचं दार होतं. काकी पदराआड पाना धरून दारात उभ्या राहत. "दादा, जरा थांबा हां." चाकाचे दोन्ही नट तपासायच्या, ढिला असेल तर आवळायच्या. शेतात राबलेले हात, त्यांचा पीळ माझ्यापेक्षा चांगला बसे. सायकलवाले बहुतेक कंपन्यांतले कामगार, कुणी जालन्याचे, कुणी लातूरचे. त्यांना गोष्ट समजली होती. कुणीही तात्यांना बोललं नाही. एकानं तर काकींना सांगितलं, "मावशी, तुम्ही उगं धावू नका, मी रूमवर जाऊन आवळत जाईन." काकींनी ते ऐकलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दहातली एखादी सायकल ढिली निघायची, नंतर नंतर दोन निघायला लागल्या. तात्या खुशीत होते. चाक बसवताना गप्प, रेघ ओढली की बोलके. आपण एका माणसाचं आयुष्य थोडं लांबवतो आहोत असं मला वाटत होतं, आणि त्याचं मला मनातून समाधानही होतं. नट-बोल्ट शिकवणाऱ्या माणसाला एक साधी गोष्ट सुचू नये, ह्याची लाज मला आजही वाटते.

जानेवारीतली दुपार होती. मी गोठ्यात बसलो होतो. संतोष नावाचा जालन्याचा एक कामगार मागच्या चाकाचं पंक्चर घेऊन आला. तात्या सायकलीपाशी बसले, पाना नटाला लावणार तोच थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. नटावर त्यांची रेघ होती, पण तुटलेली. नटावरचा तुकडा सांगाड्यावरच्या तुकड्यापासून बाजूला सरकला होता.

"ढिला झाला असेल तात्या," मी घाईनं म्हणालो.

"ढिला झाला आसता तर उलटा फिरला आसता." ते शांतपणे बोलत होते. मला वाटतं गेल्या वर्षभरात त्यांचं डोकं इतकं लख्ख चाललं नव्हतं. "ह्यो पुढं गेलाय मास्तर. माझी रेघ झाल्यावर कुनीतरी आवळलाय. पाव फेरा आवळलाय. म्हंजी पाव फेरा म्या ठेवला व्हता."

संतोष जमिनीकडे पाहू लागला.  तात्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा घराच्या दाराकडे पाहिलं.

"आगं, भाईर ये."

काकी आल्या. हाताला पीठ होतं. नटाकडे नजर गेल्याबरोबर त्यांना समजलं.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"काय किती?"

"किती आवळलंस माझ्या मागनं?"

काकींनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "पंधरा-सोळा आसतील."

"कवापास्नं?"

"पावसाच्या आधीपास्नं."

तात्या तिथंच जमिनीवर टेकले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ढिला नट घावला आसता तर म्या म्हनलो आसतो, चुकलो," ते म्हणाले. "मानूस चुकतो. तुमी दोघांनी मला कामावरनंच काढलं व्हतं की. आन् सांगितलं बी न्हाई. मी आपला येड्यावानी रेघा मारत बसलो." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमी पोरांना काय शिकवता हो?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचे भान त्यांना नव्हतं. मला रडू आलं, पण त्या वेळी रडायचा हक्क माझा नाही असं वाटून मी ते गिळलं.

काकी त्यांच्या शेजारी बसल्या. "मला तुमची भीती वाटली," एवढंच म्हणाल्या.  तात्या उठले, गोठ्याच्या दाराला टांगलेली पाटी काढून आत ठेवली आणि म्हणाले, "लाइन थांबवायची. सगळ्या गाड्या परत उघडायच्या."

पुढचे चार दिवस ते दोघं कुरुळीतल्या कामगारांच्या खोल्या पालथ्या घालत फिरले. मीही बरोबर होतो. फर्स्ट शिफ्टवाले दुपारनंतर, नाइटवाले सकाळी उशिरा, असं वेळापत्रक संतोषनं करून दिलं. तात्या प्रत्येक दारात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगत, "माझं काम भरवशाचं ऱ्हायलं न्हाई. तुमचं चाक परत आवळायचं हाय." हे वाक्य ते विसरले नाहीत. लोक अवघडून जात. "तात्या, चांगली चाललीय की सायकल," म्हणत. तात्या ऐकत नसत. नट ते स्वतः ढिला करत आणि पाना काकींच्या हातात देत. काकी आवळत. मग तात्या मार्कर पुढं करत.

पहिल्या सायकलीला काकींनी हात मागं घेतला. "तुमीच वढा की."

"न्हाई. पाना तुझा हाय."

काकींची रेघ सरळ उभी येत असे. शेवटची सायकल माझी होती. ती झाल्यावर तात्यांनी मार्कर परत घेतला नाही, काकींकडेच राहू दिला. घरी जाताना बोळात ते एकदम थांबले आणि मला म्हणाले, "दत्तूला सांगायला पायजे व्हतं." दोन पावलं चालून म्हणाले, "दोरी वढायच्या आधी." दत्तूला वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

गोठा पंधरा दिवस बंद राहिला. मग कामगारच यायला लागले, काकींकडे. काकी आधी नाही नाही म्हणाल्या, मग बसल्या. तात्या बाहेर खुर्ची टाकून बसत. सुरुवातीला मान वळवून बघत, एखादी सूचना करत. पुढे सूचना थांबल्या. त्यानंतर नावं गेली, मग नाती गेली. माझं 'मास्तर' गेलं, त्यांचा मुलगा भोसरीहून येई तो 'पाव्हना' झाला. काकींना ते नुसतं बघत, भूक लागली की त्यांच्याकडे बोट करत. दीड वर्ष असं गेलं. मग थंडी सुरू होता होता एका सकाळी तात्या झोपेतच गेले. दहाव्याला आळंदीला घाटावर मी होतो, पण मला ते आठवायचं नाही. मला त्याआधीच्या महिन्यातलं तात्यांचं शेवटचं बोलणं आठवायचं आहे.

त्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन गेलो होतो. काकी गोठ्यात एका चाकाशी बसल्या होत्या, तात्या ऊन खात खुर्चीत. मी समोर उभा राहिलो, तर त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं अदबीनं पाहिलं.

"या. काय काम काढलं?"

"मागचं चाक घसरतंय."

ते थोडे पुढं झुकले आणि आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं बोलले. "त्या बाईंकडं द्या. हात लई चांगला हाय त्यांचा. मी रोज बघत बसतो. एक नट ढिला सोडत न्हाईत."

काकींचा पाना थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठल्या हायेत म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले. "मला जेवायला बी घालत्यात. नाव काय हो त्यांचं?"

मी काकींकडे पाहिलं. इतकी वर्षं येऊन-जाऊन मलाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. सगळं गाव त्यांना काकीच म्हणायचं, आणि तात्यांच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नाही. तिथं 'आगं' म्हटलं की काम भागतं.

"अंजना," काकी खाली बघतच म्हणाल्या.

"अंजना," तात्या म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "अंजनाबाई, ह्या पाव्हन्यांचं तेवढं चाक बघा."

काकींनी पाना जमिनीवर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मग माझी सायकल पुढं ओढून घेत, चाकाकडे बघत मला म्हणाल्या, "लग्नात बायकांनी ह्यांना माझं नाव घ्यायला लावलं व्हतं, तवा घेतलं. त्याच्यामागनं आजच."

त्यांनी चाक काढलं, खाच पुसली, चाक बसवलं. उजवा थोडा, डावा थोडा. आणि तेवढा सगळा वेळ तात्या उन्हात बसून, विसरू नये म्हणून, ते नाव स्वतःशी हळूहळू म्हणत होते.